आपांची रायटर

बी.ए.चा पहिला पेपर मी लिहिला तेव्हा मी आठवीत होते. पेपर माझा नव्हता, नसरीनआपांचा होता. आपांना दिसत नव्हतं. त्या सांगायच्या आणि मी लिहायचे. विद्यापीठाच्या कागदांत या कामाला लेखनिक असा शब्द होता, पण आमच्या अकोल्यात सगळे रायटर म्हणत. रायटर परीक्षा देणाऱ्यापेक्षा खालच्या वर्गातला हवा आणि तो विषय त्याला येत नसावा, असा नियम होता, म्हणजे त्यानं मनाचं काही घुसडू नये. आठवी, नववी आणि दहावी अशी तीन वर्षं मी आपांबरोबर अमरावतीला जाऊन बी.ए.चे पेपर लिहिले. त्या वर्षांतलं सगळ्यात जास्त काय आठवतं म्हणाल, तर भीती. आता मी स्वतः शिकवते, परीक्षेला सुपरवायझर म्हणून वर्गात उभी राहते, तरी पहिली घंटा झाली की माझे तळहात ओले होतात. आमच्या शाळेतल्या एक मॅडम मला दरवर्षी विचारतात, "तुमाले कावून घाम फुटून राहिला? पेपर तर पोरायचा हाय." मी हसून वेळ मारून नेते.

आपांचं घर आमच्या गल्लीच्या टोकाला होतं. पुढे दुकान आणि मागे राहायच्या दोन खोल्या. दुकानात त्यांचे वडील, करीमचाचा, रुई पिंजून गाद्या आणि रजया भरून द्यायचे. पिंजायचं मशीन सुरू झालं की आमच्या घरात फळीवरच्या वाट्यासुद्धा बारीक वाजायच्या. आपांच्या आई कधीच वारल्या होत्या. आपांना सातव्या वर्षी गोवर झाला आणि त्यात त्यांचे डोळे गेले. अंधशाळेत राहून त्या दहावी झाल्या, बारावी घरून केली, आणि आता बी.ए. बाहेरून करत होत्या. बारावीला त्यांचे पेपर लिहिणाऱ्या मुलीचं लग्न होऊन ती पातूरला गेली, म्हणून रायटर शोधायला त्या चाचांचा हात धरून आमच्या शाळेत आल्या. मोठ्या बाईंनी चांगल्या अक्षराच्या सहा मुलींना ऑफिसात बोलावलं आणि शुद्धलेखन घातलं. आपा एका बाजूला ताठ बसून होत्या. आमचं लिहून झाल्यावर बाई वह्या चाळायला लागल्या तेव्हा आपा म्हणाल्या, "अक्षर तुमी पाहा मॅडम. मले पोरीयचं वाचनं ऐकू द्या." आम्ही एकेक करून उतारा वाचला. माझा झाल्यावर त्यांनी विचारलं, "ही कोन?" बाई म्हणाल्या, "मनीषा. आठवीत आहे." आपा म्हणाल्या, "हीच पाह्यजे. ही शब्द गिळत नाही."

घरी हे सांगितलं तेव्हा बाबा नुकतेच डाळ मिलमधून आले होते. त्यांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर तुरीची पिवळी धूळ असायची, आणि ती धुतल्याशिवाय ते कोणाशी फारसं बोलत नसत. त्या दिवशी मात्र तोंड न धुताच त्यांनी विचारलं, "युनिव्हर्सिटीची परीक्षा हाय ना? काही उलटसुलट झालं तं पोरीवर तं नाही ना येनार?" आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "काय येते तिच्यावर? ते सांगनार, हे लिहिनार. जाऊ दे. अक्षर सुधरन." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिथं जेवाचं काम पडलं तं अंड्यापरेंत चाल्ते. त्याच्या पुढं नोको." परवानगी मिळाली ती अशी. पण बाबांचा तो प्रश्न माझ्या डोक्यात बसला. काही उलटसुलट झालं तर माझ्यावर येईल. काय येईल हे कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून ते मला हवं तेवढं मोठं होत गेलं. पोलीस, मग शाळेतून नाव काढणं, मग पेपरात फोटो.

शाळा सुटली की चार वाजता मी आपांकडे जायचे आणि सहापर्यंत वाचायचे. समोर मशीन घरघरत असायचं, म्हणून मला जवळजवळ ओरडून वाचावं लागे. रुईचे बारीक तंतू हवेत असायचे. ते केसांवर, पुस्तकाच्या पानांवर, कधी ओठांवर येऊन बसायचे. इतिहास, समाजशास्त्र आणि राज्यशास्त्र असे तीन विषय. मी वाचत असताना आपा मांडीवर ब्रेलची पाटी घेऊन सळईनं कागदावर टोचत राहायच्या, टक टक टक. माझा उच्चार चुकला किंवा एखादं जोडाक्षर अडखळलं की ते टोचणं थांबायचं. आपा रागवायच्या नाहीत. नुसत्या थांबायच्या. सळई हवेत धरून त्या माझ्या दिशेनं तोंड करून वाट बघायच्या. मी पुन्हा मागून वाचायला लागले की पुन्हा टक टक सुरू. आईनंसुद्धा मला इतकं धाकात ठेवलं नव्हतं. साडेपाचला चाचा मशीन बंद करून आत यायचे, पाणी प्यायचे आणि खोकायचे. त्यांचा खोकला लांब चालायचा. तो संपेपर्यंत आपा पाटी मांडीवर उपडी घालून बसायच्या. आणखी किती वर्षं हे मशीन चालवता येईल, हे त्या दोघांना माहीत असावं. आपा बी.ए. झाल्या की सरकारी ऑफिसात अंधांसाठी राखीव असलेल्या टेलिफोनच्या जागेला अर्ज करू शकणार होत्या. घरात याबद्दल कोणी बोलत नव्हतं. चाचा मला फक्त जाताना मूठभर फुटाणे द्यायचे आणि म्हणायचे, "जोर से पढ, बेटा. मेरे को भी सुनना है."

चूक कोणाची म्हणावी, कोणाची नाही, पण मला ते सगळं समजायला लागलं. इतकं मोठ्यानं, इतक्यांदा वाचल्यावर समजणारच. नववीत नागरिकशास्त्राच्या तासाला सरांनी विचारलं, "सार्वभौम म्हणजे काय?" वर्गात कोणी उठेना, तेव्हा मी उठले आणि अंतर्गत सार्वभौमत्व वेगळं, बाह्य वेगळं, असं सांगत सुटले. सरांनी चष्मा काढला. "हे कुठं वाचलं तू?" एकदम माझ्या लक्षात आलं की हे आपल्याला यायला नको होतं. मी म्हणाले, "असंच, सर," आणि खाली बसले. पुढचे कितीतरी दिवस मला खात्री होती की सर विद्यापीठाला पत्र लिहिणार, की या मुलीला राज्यशास्त्र येतं. मी रडकुंडीला येऊन आपांना सांगितलं. आपा हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होते. मग चेहरा पुन्हा पहिल्यासारखा करून म्हणाल्या, "तिथं कोनी काही विचारलं तं तुले काही समजत नाही. काहीच नाही. हे पक्कं ध्यानात ठेवजो." तेव्हापासून माझ्या भीतीत एक भर पडली. इतर मुलींना येत नाही म्हणून भीती वाटायची, मला येतं म्हणून.

पहिली दोन वर्षं तशी निभावली. आपा दोन्ही वर्षं पास झाल्या. परीक्षेच्या दिवसांत आम्ही अमरावतीला आपांच्या खालाकडे, म्हणजे मावशीकडे, राहायचो. चाचा सोडायला यायचे आणि शेवटच्या पेपरला न्यायला. खाला मला वेगळ्या ताटलीत गिला वडा आणि वर दही घालून द्यायची आणि माझ्या आईची काळजी ओळखून स्वतःच म्हणायची, "ये चलता है, खा." मी खायचे, पण परीक्षेच्या सकाळी ताटली तशीच परत द्यायचे. कॉलेजात आम्हाला इतरांबरोबर बसवत नसत, कारण आपांना बोलावं लागणार. भूगोल विभागाच्या मागे एक अरुंद खोली होती. गुंडाळलेले नकाशे, एक चेपलेला पृथ्वीचा गोल, पाऊस मोजायचं पत्र्याचं नळकांडं, आणि त्यांच्यामध्ये आमचं टेबल. दारापाशी खुर्ची टाकून एक सुपरवायझर. खोलीला खिडकी होती, पण तिच्याबाहेर लगेच भिंत होती.

तिसऱ्या वर्षी दहावीची बोर्डाची परीक्षा देऊन मला जेमतेम महिना झाला होता. ऊन असं की दहा वाजताच डांबराचा वास यायचा. पाच पेपर चांगले गेले. शेवटचा राज्यशास्त्राचा होता, आणि तो आपांचा सगळ्यात आवडता विषय. सकाळी रिक्षात त्या माझा हात धरून बोटांवर मुद्दे मोजत होत्या आणि मधूनच माझं बोट मोजत होत्या.

घंटा झाली. सुपरवायझर मॅडमनी प्रश्नपत्रिका माझ्या हातात दिली. नियम असा की आधी सगळे प्रश्न एकदा वाचून दाखवायचे. मी वाचायला लागले. दुसरा प्रश्न पहिल्या पानाच्या अगदी तळाशी होता. 'भारतीय राज्यघटनेतील मूलभूत हक्क', आणि ओळ संपली. घामानं पान बोटाला चिकटलं होतं. मी ते सोडवून उलटलं आणि माझी नजर थेट 'प्रश्न ३' वर पडली. 'मूलभूत हक्क' यापुढे 'स्पष्ट करा' हे मी सवयीनंच लावून टाकलं. आपांनी मान डोलावली. पहिला प्रश्न झाला, मग दुसरा. मूलभूत हक्कांवर आपा चाळीस मिनिटं बोलल्या. मला अजून तो आवाज आठवतो. पाण्यासारखा चालला होता, कुठे अडला नाही. मी सात पानं लिहिली. माझी बोटं आखडली होती, पण मला बरं वाटत होतं, कारण त्यांना बरं वाटत होतं हे कळत होतं.

तिसरा प्रश्न लिहून झाला. चौथा वाचायला मी प्रश्नपत्रिका उचलली तेव्हा दुसऱ्या पानाची पहिली ओळ दिसली. 'आणि मार्गदर्शक तत्त्वे यांतील फरक सांगा.' मी ती दोनदा वाचली. आधी वाटलं ती वेगळा प्रश्न आहे. मग पान उलटून मागची ओळ बघितली आणि दोन्ही ओळी जोडून वाचल्या. प्रश्न हक्कांवर नव्हताच. हक्क आणि तत्त्वं यांच्यातल्या फरकावर होता. सात पानं लिहून झाली होती. वीस मार्कांचा प्रश्न आपांनी नाही, मी घालवला होता.

"आपा, चुकलं." एवढंच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात खुर्चीवरच्या मॅडमनी वर बघितलं आणि मी तोंड मिटलं. आता हे बोलले तर मॅडमना कळेल, त्या लिहून घेतील, आपा त्या हवेत धरलेल्या सळईसारख्या थांबतील. बाबांचं ते वाक्य, माझ्यावर येईल, ते हे. मी इतकी घाबरले होते की दुसरं काही करणं सोपं वाटायला लागलं. आपा म्हणाल्या, "थांब जरा. चौथ्याचं मनात जुळवू दे." त्यांनी मान खाली घातली आणि ओठ हलवत बोटं मोजायला लागल्या. प्रत्येक प्रश्न उजवीकडच्या नव्या पानावर सुरू करायचा हा त्यांचा हट्ट असे, त्यामुळे दुसऱ्या उत्तराखाली दीड पान कोरं राहिलं होतं. मी पानं मागे उलटली आणि लिहायला लागले. मला येत होतं ना. मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात दाद मागता येते, तत्त्वांसाठी येत नाही. हक्क राज्यावर मर्यादा घालतात, तत्त्वं राज्याला काय करावं ते सांगतात. मी हे तीन वर्षांत किती वेळा ओरडून वाचलं होतं. पेन भराभर चालत होतं आणि माझ्या कानांत माझंच रक्त वाजत होतं.

"अजून काय लिहून राहिली?" आपांनी मान न उचलता विचारलं.

"वेलांट्या नीट करून राहिली, आपा," मी म्हणाले. आपांशी मी बोललेलं ते पहिलं खोटं.

अर्धं पान बाकी होतं तेव्हा दार उघडलं आणि मॅडम खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. भरारी पथक होतं, दोन सर आणि एक बाई. त्यांतले वयस्कर सर घाम पुसत आत आले, टेबलापाशी उभे राहिले आणि त्यांनी माझ्या शाळेच्या मोठ्या बाईंनी दिलेलं ओळखीचं पत्र मागितलं. त्यावरचा माझा फोटो आणि मी, असं दोनदा बघितलं.

"कितवीत आहेस?"

"दहावीची परीक्षा दिली, सर."

"राज्यशास्त्र समजतं का काही?"

"नाही, सर."

त्यांनी उत्तरपत्रिका उचलली. ती त्याच पानावर उघडी होती. शाई ओली होती, त्यांचा अंगठा लागून एक शब्द पुसला गेला. त्यांनी डोळे बारीक करून मोठ्यानं वाचलं, "'मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयामार्फत अमलात आणता येत नाहीत. मात्र राज्यकारभाराच्या दृष्टीने ती मूलभूत मानली आहेत.'" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आत्ता लिहिलंय हे. आणि मागच्या उत्तराखाली. कोणी सांगितलं?"

मी टेबलावरच्या पॅडची क्लिप घट्ट धरून ठेवली होती. त्या क्षणी मला आई आठवली नाही, बाबा आठवले नाहीत, काहीच नाही. फक्त वर पंखा फिरत होता आणि दर फेरीला एकदा खट वाजत होता, तेवढं ऐकू येत होतं. आपांनी मान वर केली होती. हे वाक्य आपण सांगितलेलं नाही हे त्यांना कळलं होतं. त्या माझ्या दिशेनं वळल्या आणि तशाच थांबल्या.

"तुम्ही सांगितलं का हे?" सरांनी त्यांना विचारलं.

"हो, सर," आपा म्हणाल्या. "माझंच हाय. राह्यलं होतं म्हनून मागं जोडाले लावलं."

"असं का? मग पुढचं सांगा पाहू."

आणि आपांनी सांगितलं. श्वास घेण्यापुरत्याही न अडखळता त्यांनी तत्त्वं आणि हक्क यांतला फरक मुद्द्यामागून मुद्दा सांगितला. मी लिहिलेलं सगळं त्यात होतंच, पण मी न लिहिलेलंही कितीतरी होतं. दोन्हींत संघर्ष आला तर काय, न्यायालयांनी वेळोवेळी काय म्हटलं, सगळं. सर ऐकत राहिले. मग त्यांनी उत्तरपत्रिका खाली ठेवली, "छान तयारी आहे," म्हणाले आणि पथक निघून गेलं. मॅडम पुन्हा खुर्चीवर बसल्या आणि पदरानं वारा घ्यायला लागल्या.

आपा हळू आवाजात म्हणाल्या, "दुसरा प्रश्न वाच. पूर्ण."

मी वाचला. दोन्ही ओळी. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता.

आपा म्हणाल्या, "तुनं जेवढं लिहिलं तेवढं काट."

"आपा, ते बरोबर हाय."

"काट. पुरं काट, एक ओळ राहू देऊ नोको." मग मॅडमकडे तोंड करून त्यांनी विचारलं, "किती वेळ हाय, मॅडम?"

"वीस मिनिटं."

मी काटलं. आडव्या रेघा मारत गेले आणि त्या रेघा वाकड्या येत होत्या. दोन प्रश्न अजून बाकी होते, दुसऱ्याचं उत्तर नव्यानं लिहायला वेळ नव्हता. आपांनी चौथा सांगितला, भराभर, वाक्यं अर्धी तोडत. पाचव्याची दोन वाक्यं झाली आणि घंटा वाजली.

चाचा फाटकाशी उभे होते. "कैसा गया?" त्यांनी विचारलं. "गेला," आपा म्हणाल्या. बसमध्ये चाचांना पुढे जागा मिळाली आणि ते लगेच झोपले. आम्ही दोघी मागे होतो. गरम वारा खिडकीतून अंगावर येत होता. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. मी मनातल्या मनात एकच वाक्य जुळवत होते आणि ते ओठांपर्यंत येऊन परत जात होतं. शेवटी आपाच बोलल्या.

"त्या साहेबाच्या समोर मी खोटं बोलली ते तुले वाचवाले. पन त्या खोट्याचे मार्क मले नाही पाह्यजे." थोड्या वेळानं म्हणाल्या, "मले येत होतं ते. तू तवाच दोन शब्द बोलली असती तं मी सांगितलं असतं."

"मले भेव वाटलं, आपा."

"माह्यं?"

मॅडमचं वाटलं होतं, पोलिसांचं वाटलं होतं. पण खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त त्यांचंच. "हो," मी म्हणाले.

आपांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

मी घरी कोणाला काही सांगितलं नाही. आपांकडे जायची आता गरज नव्हती आणि मी गेलेही नाही. गल्लीच्या टोकावरून जावं लागू नये म्हणून किराणा आणायला जाताना मागच्या बोळानं वळसा घालायचे. पोस्टमन दारात थांबला की विद्यापीठाचं पत्र समजून मी आत पळायचे. दहावीचा निकाल लागला, मला चांगले मार्क पडले, बाबांनी मिलमध्ये पेढे वाटले. आईनं एक पेढा माझ्या तोंडात घातला, तो मी कितीतरी वेळ गालातच धरून ठेवला. "आपाले पेढा देऊन ये," आई म्हणाली. मी म्हणाले, "उद्या जाते." आईनं दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा स्वतःच जाऊन दिला.

आपा पुढे पास झाल्या हे इथेच सांगून टाकते. तो एक पेपर त्यांनी हिवाळ्यात पुन्हा दिला, आणि रायटर मीच होते. ती ऑफिसातली जागा तोवर भरली गेली होती. त्यानंतर दोन वर्षांनी त्यांना अकोल्यातच एका दवाखान्यात टेलिफोनवर काम मिळालं आणि चाचांचं मशीन विकलं गेलं. आजही मी फोन केला की त्या आधी माझा श्वास ऐकतात आणि मी बोलायच्या आत माझं नाव घेतात. पण हे सगळं नंतरचं. त्यांच्या निकालाच्या दिवशी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं.

निकाल इंटरनेटवर लागायचा. चाचा सकाळीच आमच्या दारात येऊन उभे राहिले. "चल, बेटा. नंबर तेरे को ही पता है." आईनं मला हातानं पुढे ढकललं. आम्ही बस स्टँडजवळच्या नेट कॅफेत गेलो, तिथल्या माणसानं नंबर टाकला आणि कागद छापून माझ्या हातात दिला. चाचांना वाचता येत नव्हतं. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, म्हणून मी कागद घडी करून मुठीत धरला आणि म्हणाले, "घरी जाऊन वाचू, चाचा." रस्ताभर त्यांनी विचारलं नाही. मला मात्र एकच दिसत होतं. कागद माझ्या हातात आहे, आपांना तो दिसणार नाही, चाचांना वाचता येणार नाही. खरी मार्कशीट यायला महिना आहे. तोवर मी वाचीन तेच खरं.

आपा आतल्या खोलीत रजईला टाके घालत होत्या. सुई रजईत तशीच ठेवून त्यांनी हात मांडीवर घेतले. चाचा उंबऱ्यात उभे राहिले.

"वाच," आपा म्हणाल्या.

मी नाव वाचलं, नंबर वाचला. मग एकेक पेपर. इतिहासाचे दोन्ही, समाजशास्त्राचे दोन्ही, राज्यशास्त्राचा पहिला. सगळे पास. मग शेवटचा आला. पास व्हायला पस्तीस लागत होते. मी त्या आकड्यावर बोट ठेवून थांबले. चाचा म्हणाले, "पढ, बेटा."

"एकतीस," मी म्हणाले. "नापास."

आपा म्हणाल्या, "पुन्यांदा वाच." मी पुन्हा वाचलं, सगळा कागद, पहिल्यापासून. एकतीस. त्यांनी मान हलवली, जशी पहिल्या दिवशी ऑफिसात माझं वाचणं ऐकून हलवली होती. त्या वेळी मला मान हलवण्याचा अर्थ कळला नव्हता, या वेळीही नीटसा कळला नाही.

"आपा, मी—"

"उद्या ये," त्या म्हणाल्या. "चार वाजता. पुस्तक पहिल्या पानापासून घेऊ. हिवाळी परीक्षेचे फॉर्म कवा निघते ते तुह्या शाळेतल्या मॅडमले विचारून ये." मग त्यांनी सुई शोधली, ती सापडली, पण टाका घातला नाही. "आज नोको थांबू. आज मले रडाचं हाय."

मी उठले. चाचा माझ्याबरोबर बाहेर आले, दुकान ओलांडून थेट गल्लीच्या वळणापर्यंत, जसं काही मला रस्ता माहीत नव्हता. तिथे ते थांबले. बराच वेळ खोकले. मग डोळे पुसत म्हणाले, "तेरी जगह मैं होता ना, बेटा, तो पास बोल देता."

ते वळले आणि चालत गेले. घरात मात्र शिरले नाहीत, दुकानाच्या पायरीवरच बसून राहिले.